मोह, तेंदू, हळदू : पोळ्यापर्यंतचा हिशेब

पोळा झाला, मारबतही (रोगराई, इडापिडा घेऊन जाणारा नागपूरचा पुतळा) वाजतगाजत गेली, पाऊस आता उघडीप देत देत पडतोय. यंदा रानातल्या झाडांची रोपं करायला बियांचे दोन वाटे केले होते. एक वाटा गच्चीवर पिशव्यांत, दुसरा हिंगण्याकडे मित्राच्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) थेट टोकलेला. बी एकाच झाडांचं असल्यामुळे दोन्हीकडची तुलना करता येते.

सगळं बी धुऱ्यावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांचं आहे. पेंच किंवा बोर अभयारण्यातून काहीही आणलेलं नाही. अभयारण्यातून बी उचलणं कायद्यात बसत नाही, आणि नागपूरच्या आसपास शेतांत इतके मोह उभे आहेत की तशी गरजही पडत नाही.

मोहापासून सुरुवात करतो. फुलं मार्च-एप्रिलात पडतात, पण टोळंबी, म्हणजे मोहाचं बी, हाती येते ती पावसाच्या तोंडावर. बी तेलकट, त्यामुळे टिकत नाही. डब्यात भरून ‘लावू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्यांनी सरळ तेल काढावं. मी आणलं त्याच दिवशी गर चोळून काढला, धुतलं, सावलीत निथळवलं आणि आडवं ठेवून जेमतेम झाकेल एवढी माती टाकली. उगवण दणक्यात झाली. बी फुटल्यावर आधी मूळ येतं, जाडजूड, आणि ते थेट खाली जातं. कोंब बोटभर झाला तेव्हा एक पिशवी मुद्दाम फाडून पाहिली. मूळ तळाला टेकून वळायला लागलं होतं.

हे असं का, ते आपल्या हवामानात आहे. नागपूरला वर्षाचा साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुढचे महिने कोरडे आणि शेवटी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते रणरणते नऊ दिवस. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात गेल्या पावसातलं रोप जगायचं तर पानांनी भागत नाही, ओल असलेल्या थरापर्यंत मूळ पोचलेलं लागतं. त्यामुळे रोपाची उंची मोजून शाबासकी घ्यायची आपली जी सवय आहे, ती मोह-तेंदूच्या बाबतीत तरी सोडावी असं माझं ठाम मत झालंय. मूळ गुंडाळलेलं कमरेइतकं रोप मला कोणी फुकट दिलं तरी नको.

म्हणून नेहमीच्या बुटक्या पिशव्या बंद केल्या. आता उंच आणि अरुंद पिशव्या, तळाला भोकं, आणि सगळ्या विटांवर टेकवलेल्या जाळीवर. मुळाचं टोक भोकातून बाहेर आलं की हवेत सुकतं आणि वरून बाजूची मुळं फुटतात. पिशव्या जमिनीवर ठेवल्या की मुळं खालच्या मातीत घुसतात आणि उचलताना तुटतात, मग दर काही दिवसांनी पिशव्या हलवत बसा. माती म्हणाल तर निव्वळ काळी अजिबात नको, भिजली की चिकटते, सुकली की भेगा पडून मुळं तोडते. मुरमाड माती, वाळू, चाळलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड, एवढं पुरतं.

तेंदूला संयम लागतो. फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, गर खाऊन बिया धुऊन ठेवल्या (हे काम घरातल्या पोरांनी आनंदानं केलं). पाऊस लागल्यावरही बराच काळ पिशवीत काहीच दिसत नाही. मग अचानक काळपट देठाची कमान माती उचलते. कमान सरळ होताना बियांचं टणक कवच वरच अडकून बसतं आणि आतली बीजदलं सुटत नाहीत. बोटानं ओढलं तर दलांसकट तुटतं. सकाळी कवचावर पाण्याचा थेंब टाकून नुसतं भिजत ठेवलं, बहुतेकांनी आपोआप सोडलं. उन्हाळ्यात यातल्या कित्येक रोपांचा वरचा भाग वाळून जाईल. तेंदूची ती रीतच आहे, खाली मूळ वाढत राहतं आणि पावसात नवा फुटवा येतो. तेव्हा वाळलेली पिशवी उपटून फेकू नका.

पळसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जूनमध्ये शेंगा पडल्या, टोकाकडचं चपटं बी काढलं, लावलं, आलं.

खरा जीव घेतला तो हळदूनं. बी इतकं बारीक की चिमटीत घेतलं तर तपकीर वाटावी. एका किलोत बियांचा आकडा कोटीच्या घरात जातो. मातीखाली दाबलं की संपलं, उघड्यावर ठेवलं तर पहिल्या सरीत वाहून जातं. पसरट कुंडीत चाळलेला पालापाचोळ्याचा कुजलेला चुरा भरला, कोरड्या वाळूत मिसळून बी वर नुसतं भुरभुरलं आणि कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवली, म्हणजे ओल खालून चढते. झारी लांबच. पडवीत हिरवी झाक दिसली खरी, पण दमट हवेत बुरशीनं मधलं वर्तुळच्या वर्तुळ आडवं केलं. तिलाही मारबतीनं न्यायला हवं होतं. उरलेली रोपं विरळ करून, वारा लागेल अशा जागी हलवल्यावर तग धरून आहेत. अजून भिंग घेऊनच बघावी लागतात.

धावड्याचं ओंजळभर बी पेरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं आली. यात नवल नाही, धावड्याचं बहुतांश बी पोकळच असतं. पेरण्याआधी मूठभर बिया ब्लेडनं कापून आत गर आहे का ते पाहावं, म्हणजे किती पेरायचं याचा अंदाज येतो. डिंक लाडवात सगळ्यांना हवा, झाड लावायला मात्र कोणी नाही, याचं एक कारण हेही असावं. चारोळीचं बी टणक कवचातलं, ते कवच शिवणीवर हलक्या हातानं दाबून उकललं तर उगवण सुधारते. इतवारी बाजारात मिळते ती सोललेली चारोळी खिरीतच घालावी.

आता धुरा. तिथे मोह, पळस आणि तेंदू टोकले. सालदार पहिल्याच दिवशी म्हणाला, “काट्या टाका जी वरून, नाहीतर डुकरं एक टोळंबी ठेवत नाही.” बोरीच्या काट्या टाकल्या, तरी एका कोपऱ्यातलं मोहाचं बी उकरलं गेलंच. पळसाला गुरांनी तोंड लावलं नाही. मोहाची टोकलेली रोपं गच्चीवरच्यांपेक्षा बुटकी आहेत, पण ऑगस्टात पावसाने खंड दिला तेव्हा त्यांची पानं टवटवीत होती, आणि गच्चीवर एक दिवस पाणी चुकलं की माना पडत होत्या. पुढच्या पावसाळ्यात मोहाला पिशवीत घालणार नाही, अपवाद शहरात ज्यांना एखादंच रोप हवं त्यांचा.

दिवाळीनंतर बेहडा आणि बिजा (बिबळा) या झाडांकडे वळायचं आहे. बेहड्याचा गर कुजवून काढावा लागतो, नाहीतर खारी पिशव्याच उलट्या करतात. बिजाच्या शेंगेची पाती कातरून शेणकाल्यात भिजवून बघणार. रामटेककडे कुणाच्या शेतात रोहनचं जुनं झाड असेल तर उन्हाळ्यात बोंडं उकलण्याआधी कळवा, बदल्यात तेंदूची रोपं देईन.