तुम्ही विचारलंत म्हणून: या सुताचं पुढे करता काय?

लग्नघरी, बसमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, जिथे म्हणून माझ्या पिशवीतून सूत कातायची टकळी डोकावते तिथे हा प्रश्न येतोच. आम्ही काही जण रविवारी सकाळी नाशकात पंचवटीत कातायला बसतो. ते २ ऑक्टोबरपुरतं नाही, हेही सांगून झालंय. तरी शेवटी गाडी येते ती इथेच: एवढ्या सुताचं करता काय?

पूर्वी मी स्वावलंबन, पर्यावरण अशी उत्तरं द्यायचे. खरं उत्तर असं, की बरंचसं सूत ट्रंकेत पडून आहे. आणि ते का पडून आहे, हे मला आजवर कुणालाही नीट सांगावंसं वाटलेलं नाही.

सुताच्या गुंड्या, म्हणजे लड्या, पुष्कळ साठल्या तेव्हा ठरलं, विणून घ्यायचं. प्रत्येकाला निदान एक पंचा. जिल्ह्यात मागांना तोटा नाही, पण येवल्याचे हातमाग पैठणीचे, म्हणजे रेशमाचे. मालेगावात यंत्रमाग, त्यांच्या ओढीला हातचं सूत टिकत नाही. अखेर सुती हातमाग चालवणारे एक वयस्कर विणकर भेटले. त्यांनी आमच्या गुंड्या ओट्यावर पसरल्या, एकेक धागा चिमटीत धरून ताणून पाहिला आणि म्हणाले, "बाण्याला चालेल. ताण्याला नाही."

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. का, तेही त्यांनी दाखवलं. सूत जिथे बारीक असतं तिथे पीळ धावतो, जाड जागा सैल राहते, आणि ताण पडला की तुटतं ते त्या जाड जागी. बाणा नुसता आडवा पडतो; ताण्याला मात्र सारखी ओढ असते आणि मागाच्या फणीचं घासणं सोसावं लागतं. खळ लावूनही आमचं सूत निभावणार नाही, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनीच सुचवलं, ताणा गिरणीच्या सुताचा घ्या, बाणा तुमचा.

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं. आम्हाला सगळ्यांना कातायला शिकवलं त्या ताई म्हणाल्या, "गिरणीचा ताणा घातला तर ते कापड आपलं नाही." मी म्हणाले, "पडून राहण्यापेक्षा अर्धं आपलं तरी होईल." त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना आपल्या गुंड्या तेवढ्या वेगळ्या काढून घेतल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्यांच्याबरोबर आणखी तिघी गेल्या. पेळू, म्हणजे कातायच्या कापसाची वळी, किती हलक्या हाताने धरायचा, हे मला ज्यांनी माझी बोटं धरून शिकवलं, त्या मला नंतर रविवार कारंज्यावर भेटल्या. आईची तब्येत विचारली, मुलाच्या परीक्षेचं विचारलं. कातण्याचं काही नाही.

कापडही झालंच नाही. तो विषय काढायला कुणी धजेना.

माझं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. साबरमती आश्रमातसुद्धा सुरुवातीला माग गिरणीच्याच सुतावर चालत. हातसूत नंतर आलं. पण हे सांगितलं तर ताई काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: ते तिथे थांबले नाहीत, तुम्ही तिथून सुरुवात करताय की तिथे परत चाललाय? यावर माझ्याकडे उत्तर नाही. नुसतं कातण्यासाठी कातणं पुरेसं आहे, असं म्हणणारेही गटात आहेत. मला ते पटत नाही. सूत कापडासाठीच असतं.

म्हणून सध्या आम्ही दोन धागे एकत्र पिळून दुपदरी सूत करतो आहोत. दुपदरीत एकाची कच्ची जागा दुसरा सांभाळून घेतो, ताण्याला ते टिकायला हवं. सूत मात्र दुप्पट लागतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत धागा सारखा तुटतो, त्यामुळे खरं काम पावसाळ्यातच होतं. तेव्हा कापड कधी, हे विचारू नका.

दुपदरीही माग सोसणार नसेल, तर मी पुन्हा गिरणीच्या ताण्याच्याच बाजूने बोलणार आहे. ताई परत आल्या तर त्यांच्यासमोरही.