पांढरं आत घ्या

संक्रांतीच्या आसपासची दुपार. गच्चीवर ऊन खात बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे अप्पा डायरी घेऊन आले. त्यांच्या डायरीत साखर, रक्तदाब आणि हवेचा एक्यूआय, म्हणजे प्रदूषणाचा निर्देशांक, एकाच ओळीत असतात. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात बहुतेक वेळा 'खोकला' लिहिलेलं असतं.

"112," अप्पा म्हणाले. "मध्यम."

माझ्या फोनवर 157, तेही लालभडक.

"तुमचा फोन गेला," असा निकाल देऊन त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

फोन दोन्ही धड होते, पट्ट्या वेगळ्या. त्यांची भारत सरकारची, माझी अमेरिकेची. अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक धूळ घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम असली की आपल्याकडे आकडा होतो 100, म्हणजे 'समाधानकारक'ची शेवटची पायरी. तेवढ्याच धुळीला अमेरिकेची पट्टी दीडशेच्या पुढे ढकलते. जागतिक आरोग्य संघटना तर 2021पासून म्हणते, दिवसाची सरासरी 15च्या वर नको. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि डायरीत 112च लिहिलं. ज्या पट्टीत आपण पास होतो, ती कोण सोडतो?

शिवाय सरकारी निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. सकाळी घसा धरतो, दुपारी उशिरा का होईना खारा वारा सुटतो आणि जरा बरं वाटतं. त्या दोन्हींचा मिळून एकच आकडा. माझा भरवसा डोंगरावर. आमच्या मुलुंडच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. झाडं सुटी सुटी दिसली तर दिवस चांगला. नुसती कड दिसली तर ठीक. कडही दिसेना झाली की बायको सगळ्या खिडक्या लावून घेते, आणि मग फोडणीचा धूर घरात कोंडून आम्ही दोघं खोकतो. त्याचा आकडा कुठेच लागत नाही.

ही धूळ मोजतात कशी, हे मध्यंतरी वाचनात आलं. बऱ्याच केंद्रांत यंत्रामध्ये एक फीत असते. यंत्र हवा ओढून घेतं, फितीवर डाग पडतो, त्या डागातून बीटा किरण सोडतात. किरण जेवढे अडतील तेवढी धूळ. वाचून हसूच आलं. हे यंत्र आमच्या आजीकडे होतं की! लालबागच्या चाळीत, गॅलरीतल्या दोरीवर.

मागेच गिरणीचं धुराडं. सकाळी बादली घेऊन बाहेर आली की आजी आधी वर बघायची. धूर सरळ चढत असला तर आजोबांचं धोतर आणि आमचे शाळेचे सदरे बाहेर; चाळीकडे कलला तर फक्त रंगीत कपडे. थंडीत मात्र तो थोडा वर जाऊन आडवाच पसरायचा. खाली गार हवा, वर उबदार थर, म्हणून तो तिथेच अडकतो, हे कळायला मला पुढे भूगोलाचं पुस्तक लागलं. आजी म्हणायची, "धूर बसलाय, पांढरं आत घ्या." मग सदरे खोलीतच, खाटेवर बांधलेल्या दोरीला. दोन दिवस वाळायचे नाहीत आणि दमट वासासकट अंगावर चढायचे.

तरी काजळीचा एखादा ठिपका पडायचाच. तो चोळायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. चोळला की पसरला. हे आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांना येत होतं. प्रार्थनेच्या रांगेत पुढच्याच्या पाठीवर फुंकर मारताना बाईंनी पकडलं, तरी त्या रागवायच्या नाहीत. त्याही परळच्याच.

मग 1982 आलं. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. ऐन थंडी, म्हणजे धूर बसायचे दिवस. पण आता बसायला धूरच नव्हता. भोंगा नाही, पाळी नाही. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, ते दिवसभर घरी. दोरीवर सगळं पांढरं खुशाल बाहेर वाळत होतं, एकही ठिपका नाही. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. आजीने वर बघायची सवय मात्र सोडली नाही. सकाळी बादली ठेवून ती धुराड्याकडे बघत राहायची, आता धूर दिसावा म्हणून. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढच्या वर्षी बाबांनी घरच्यांना गावी पाठवलं.

त्या धुराड्याच्या जागी आज टॉवर आहे. उंच बांधकामाभोवती 35 फुटी पत्रे लावा, पाणी फवारा, हे महापालिकेचे नियम 2023च्या ऑक्टोबरातले. टॉवर त्याच्या कितीतरी आधीचा. तो वर चढत होता तेव्हा खालच्या चाळीत पांढरे कपडे कुठे वाळत घालत होते, हे विचारायला आमच्या ओळखीचं तिथे कुणी राहिलेलं नाही.