हतनूर-चांगदेव फेरी: पाणी भरपूर, पक्षी पांगलेले

यंदा पाऊस जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळीकडे पडला आणि दिवाळी उलटली तरी रेंगाळला. नोव्हेंबरात भुसावळजवळच्या हतनूर धरणावर पक्षी बघायला गेलो तेव्हा धरण काठोकाठ होतं. बराच वेळ दुर्बिणीत नुसतं पाणी. मधोमध वारकरी पक्ष्यांचा काळा पट्टा, जोडीला बुड्या मारणारी थोडी लालसरी बदकं, बुडालेल्या बाभळींवर पंख वाळवणारे पाणकावळे. बस्स.

जाळं आवरणाऱ्या एका मच्छीमार काकांना पक्ष्यांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, यंदा डबक्या-डबक्यात पाणी आहे. ते इथंच कशाला येतील?"

खरंच आहे. शेकाट्या, तुतवार, चमचा हे पाण्यात उभं राहून खाणारे. थापट्या आणि तलवार बदक फार तर शेपटी वर करून मान बुडवतात. काठालाच खोल पाणी असेल तर त्यांना तिथे काय मिळणार? चिखलाची पट्टी उघडी पडेपर्यंत ते उथळ जागा शोधतात.

म्हणून परतताना वाटेतले पाझर तलाव धरले आणि दिवस वसूल झाला. गोगलगायी टिपणारे उघड्या चोचीचे करकोचे, अर्धवट वाढलेल्या पिल्लांसह हळदी-कुंकू बदकं, आणि रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्यात शेकाट्यांचा गोंगाट! हतनूरच्या एका फेरीवरून 'पक्षी घटले' म्हणणं मला पटत नाही. मोजायचंच असेल तर दोन-तीन गट करा. धरण आणि भोवतालचे तलाव एकाच सकाळी मोजा. नाहीतर पांगलेले निम्मे सुटतात.

जाणाऱ्यांनी मुक्काम भुसावळला करावा. घाई नसेल तर जानेवारीअखेर जा. रब्बीची आवर्तनं (पिकांसाठी धरणातून ठरावीक वेळी सोडलेलं पाणी) सुटली की पाणी उतरतं, गाळ उघडा पडतो. पट्टकदंब हंस बघायलाही तेव्हाच जा; ते काठच्या हरभऱ्या-गव्हात चरतात, त्यामुळे पिकाच्या मालकाला विचारूनच बांधावर पाय ठेवा. चांगदेवला तापी-पूर्णा संगमावर सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. होडी घेतलीत तर थव्यात घुसवू नका, नावाड्याला आधीच सांगून ठेवा. आणि गाडी डांबरीवरच ठेवा. इथली काळी माती ओली असली की चाक फिरेनासं होतं, मग ट्रॅक्टरवाल्याची वाट बघावी लागते.