सौर पंप आला, पण एचपी एकरांवर ठरली

सिन्नरच्या पूर्व भागात आमची दोन एकर जमीन आहे. वाटणीत विहीर चुलतसासऱ्यांकडे, म्हणजे नानांकडे गेली आणि आम्ही मागाहून बोअर घेतला. शेतीपंपाच्या जोडणीचे पैसे भरले होते, पण खांब काही आला नाही. तोवर पाणी नानांच्या मोटरीवर, तेही त्यांचं भरून झाल्यावर. पंपाला लागणाऱ्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली की कांदा भिजवायला ह्यांना अंधारात जावं लागायचं. आमच्या शिवारात बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. ते परत येईपर्यंत घरात कुणाचा डोळा लागत नसे.

म्हणून राज्य सरकारची 2024 मधली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना कळल्यावर मी अर्ज भरायला घेतला. खुल्या प्रवर्गातल्या शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के, बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतं. शेतात आधीपासून विजेची जोडणी नसावी, ही मुख्य अट. पैसे भरून ताटकळलेले आमच्यासारखे लोक त्यात बसतात.

अर्ज महावितरणच्या पोर्टलवर भरायचा. आधार, बँकेचं पासबुक, फोटो हे सोपं. खरा वेळ खाल्ला सातबाऱ्याने. आमचं क्षेत्र सामाईक, त्यामुळे सगळ्या हिस्सेदारांचं ना हरकत पत्र लागत होतं. नानांनी लगेच सही दिली. अडलं ते ठाण्याच्या आत्यांपाशी. त्यांना वाटलं, सही केली की जमिनीवरचा हक्क गेला. मी फोनवर अख्खा मजकूर वाचून दाखवला. म्हटलं, “आत्या, यात हक्कसोड कुठंच नाही. पंप बसवायला हरकत नाही, एवढंच आहे.” त्यांनी परत एकदा वाचायला लावला. “वाचलंस तसंच छापलेलं असू दे बाई,” म्हणाल्या आणि पत्र पाठवायला सांगितलं. बहिणींच्या सह्या गृहीत धरणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. त्यांनी विचारलं ते अगदी रास्त होतं.

दुसरं म्हणजे बोअरची नोंद सातबाऱ्यावर हवी. आमची नव्हती. ती ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून करून घेतली, मगच अर्ज पुढे सरकला.

पैसे भरल्यावर यादीतून कंपनी आपणच निवडायची असते. यादीत वरती कोण आहे ते बघू नका. शेजारच्या गावांत कुणाचे पंप बसलेत आणि बिघाड झाल्यावर माणूस येतो का, हे विचारा. पाच वर्षांची हमी कागदावर सगळ्यांचीच सारखी असते.

आता माझं खरं म्हणणं. अडीच एकरांपर्यंत 3 एचपीचा (अश्वशक्तीचा) पंप, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात, असा नियम आहे. मोठ्या शेतकऱ्याला हवा तर लहान पंप मागता येतो, पण लहान शेतकऱ्याला मोठा मिळत नाही. पाणी किती खोल आहे, हे कुठं विचारात घेतलंय? पाहणीला महावितरणचे कर्मचारी आणि कंपनीचा माणूस आले, तेव्हा आम्ही नायलॉनच्या दोरीला लोखंडी नट बांधून बोअरमध्ये सोडला. दोरी वर ओढली, ओली खूण धरली आणि बांधावर पसरून मोजली. पावसाळ्यानंतर पाणी बरंच वर असतं, मे महिन्यात पार तळाला जातं. 3 एचपीला साधारण 3,000 वॅटचे पॅनल मिळतात. तेवढ्याच उन्हावर 30 मीटरवरून जितकं पाणी येतं, त्याच्या निम्मंही 70 मीटरवरून येत नाही. खोल पाण्याचा भाग म्हणजेच दुष्काळी भाग, आणि तिथल्या दोन एकरवाल्यालाच कमी ताकद. हा नियम बदलायलाच हवा. एकरांबरोबर पाण्याची पातळीही धरली पाहिजे.

तोवर हातात होतं ते केलं. कंपनीच्या माणसाला उन्हाळ्यातली खोली सांगून जास्त हेडचा, म्हणजे जास्त खोलीवरून पाणी उचलणारा पंप लिहून घेतला. तो धार कमी देतो, पण मे महिन्यात कोरडा फिरत नाही. शेताच्या वरच्या अंगाला हौद बांधला. दिवसभर त्यात पाणी पडतं आणि उताराने वाफ्यांत जातं.

साहित्य यायला कंपनीने फार उशीर लावला. फोनवर नुसतं “पुढच्या आठवड्यात” ऐकू यायचं. पोर्टलवर लेखी तक्रार टाकली, तिचा क्रमांक घेऊन कार्यालयात गेले, तेव्हा गाडी हलली. पाया भरताना मी तिथंच उभी होते. वादळात पॅनल उडतात ते कच्च्या पायामुळे. विम्याची कागदं आणि पॅनलवरच्या नंबरांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवले.

आता सकाळी नऊ-साडेनऊला धार धरते. ढगाळ दिवशी ती मनगटाएवढी उरते, आषाढात काही दिवस तीही नाही. पण ह्यांना रात्री शेतात जावं लागत नाही.

धाकट्या जाऊबाईंचा अर्ज सध्या चालू आहे. त्यांच्या बोअरची दोरी आम्ही मे महिन्यातच मोजून ठेवली, आणि एचपीच्या नियमाचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचं आम्हा दोघींचं ठरलंय.