पाणी उतरलं की तळ्यातला गाळ जागा बदलतो

मे महिन्यात जेसीबी तळ्यात उतरतो तो कडेनं, कारण कड वाळलेली असते आणि ट्रॉली रुतत नाही. पण कडेला निघतो तो बहुतेक मुरूम आणि वाळू. शेताला हवा तो लोण्यासारखा गाळ बांधाजवळच्या खोलगटात असतो.

तो तिथे जातो तो पाणी उतरताना. लाट साधारण आपल्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पाणी ढवळते. लाट दोन मीटर लांबीची धरली, तर एक मीटरच्या खालचा गाळ शांत पडून राहतो. उन्हाळ्याकडे मोटारी लागतात, पाणी रोज थोडं खाली जातं, आणि तोच गाळ लाटेच्या टप्प्यात येतो. बारीक वाळूचा कण मीटरभर पाण्यातून दोनेक मिनिटांत तळाला जातो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला तेवढ्यालाच जवळपास तीन दिवस लागतात, तेही पाणी निवांत असेल तर. वारा त्याला पुन्हा पुन्हा उचलतो आणि शेवटी लाट पोचत नाही तिथेच तो टेकतो.

दुसरी उलथापालथ जूनमध्ये, ओढ्याच्या तोंडाशी. भरलेल्या तळ्यात ओढ्यानं भरड गाळाचा पंख्यासारखा पसरट ढीग टाकलेला असतो. तळं उतरलेलं असताना पहिला जोराचा पाऊस आला, की ओढा स्वतःच टाकलेला तो ढीग चिरतो आणि आत लोटतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसात याला फार दिवस लागत नाहीत. मोरी (बांधातली पाणी सोडायची वाट, कानडीत तूबु) बुजते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उघड्या पडलेल्या गाळाचं रसायन वेगळं. काळा, कुजक्या वासाचा चिखल हवेत तपकिरी होतो, भेगांच्या कडांना गंजाचा रंग चढतो. आतला पालापाचोळा झपाट्यानं कुजतो, आणि पुन्हा पाणी चढलं की त्यातला नत्र-स्फुरद पाण्यात उतरतो. नवं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडतं ते यामुळेही. दरवेळी वरच्या शेतातल्या खतालाच दोष देऊ नये. ढवळलेला काळा गाळ पाण्यातला प्राणवायूही खातो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर मत्स्यबीज सोडायची ही वेळ नव्हे.

गाळ मोजायला दोरीला बांधलेली जड ताटली आणि 12 मिलिमीटरची सळी पुरते. ताटली मऊ गाळावर टेकते, सळी कडक तळापर्यंत जाते. दोन मापांतला फरक म्हणजे गाळ. बांधापासून ओढ्याच्या तोंडापर्यंत सरळ रेषेत, दर दहा मीटरवर माप घ्यावं. मोजणी तराफ्यावरून करावी: भेगाळलेल्या पापुद्र्याखाली राबडी असते, माणूस कमरेपर्यंत जातो. गाळ वाळून आकसतो, म्हणून फेब्रुवारीचं ओलं माप आणि मेचं कोरडं माप एकमेकांशी ताडू नये. गाळ कमी झाला असं वाटतं, झालेला नसतो.

खोदताना मऊ गाळ संपला की थांबायचं. त्याखालची घट्ट चिकणमाती पाणी धरते. ती फोडून मुरूम किंवा जांभा लागला, तर तळं दिवाळीनंतर टिकणार नाही. बांधाचा पायथा खणू नये, आणि गाळ काढायची घाई म्हणून मोरी उघडून तळं एकदम रितंही करू नये. बांध आतून ओला असतो, समोरच्या पाण्याचा आधार अचानक गेला की आतला उतार घसरतो.

शेतात किती न्यायचा? एकरावर एक इंच थर म्हणजे साधारण 36 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट). ट्रॉलीत एक ब्रास धरला, तर 36 खेपा.