आमची वाटचाल : गणवेश, गावं आणि जनगणनेचे रकाने

सासऱ्यांचा माग ज्या खोलीतून काढला, त्याच खोलीत २०१० साली दोन शिलाई मशीन आणि एक कटिंगचं टेबल मांडून आम्ही शाळेचे गणवेश शिवायला घेतले. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा पट्टा. सासरे मागावर बसायचे, सासूबाई मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायच्या. साड्यांचं काम कमी होत गेलं तसा घराला दुसरा आधार हवा होता, आणि मला शिवण येत होतं. आज आमच्याकडे चौदा मशीन आहेत, त्याशिवाय दोन ओव्हरलॉक आणि एक काज-बटणाचं. इथवर यायला जनगणनेच्या तक्त्यांनी आम्हाला फार मदत केली. आमच्यासारख्या लहान धंदेवाल्यांना त्याचा उपयोग होईल, म्हणून लिहिते आहे.

गणवेशाच्या धंद्यात कापड आधी घ्यावं लागतं, गिऱ्हाईक मागून येतं. राजस्थानातल्या भिलवाड्याचे कापडाचे तागे फेब्रुवारीत सांगायचे. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, त्याआधी शिवून हाताबाहेर करायचं. पहिलीच्या मापाचे किती, पाचवीचे किती, दहावीचे किती, हे आधीच ठरवावं लागतं. चुकलं की उरलेले नग वर्षभर कपाटात, आणि शाळेनं मधेच रंग बदलला तर ते कवडीमोल. वर सोलापूरचा तयार माल स्वस्तात दारात येऊन पडतो, त्यामुळे भाव वाढवून तोटा भरून काढायची सोय नाही. पहिली पाच वर्षं मी नुसत्या अंदाजावर चालले आणि दर जूनमध्ये कुठल्या ना कुठल्या मापाला तोंडघशी पडले.

नणंदेचा मुलगा तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होता. त्यानं एका संध्याकाळी २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका उघडून दिली. "मामी, गावागावातली पोरं मोजून ठेवल्यात बघ ह्यात."

प्रत्येक गावापुढं रकाने : घरं किती, माणसं किती, शिकलेली किती, शेती करणारी, शेतमजूर, घरगुती उद्योगातली किती. त्यातला एक रकाना ० ते ६ वयाच्या मुलांचा. शून्य ते सहा म्हणजे सात वयं. त्या आकड्याला सातानं भागलं की एका वयाची मुलं साधारण किती, ते कळतं. रकान्यात ४२० असतील तर त्या गावातून दरवर्षी साठेक मुलं पहिलीत जाणार. २०११ ला जे पाळण्यात होतं ते २०१७ ला पहिलीत, २०२६ ला दहावीत जाणार. मी त्या रात्री वहीत उचगावपासून सांबऱ्यापर्यंतची गावं उतरवून घेतली. आपलं पुढच्या दहा वर्षांचं गिऱ्हाईक नावाशिवाय कागदावर मांडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण त्याच आनंदात मी मोठी चूक केली. खानापूर तालुक्याचा पूर्ण आकडा घेतला, सातानं भागला, आणि २०१६ ला खानापुरात भाड्यानं गाळा घेतला. तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. मुलं भरपूर, गणवेशाचं मोठं दुकान नाही, असा माझा हिशेब. दोन हंगामांत गाळा सोडावा लागला. घरातल्या सोन्याला हात लागला, ते अजून आठवतं.

चूक आकड्याची नव्हती. बेरीज बघून मी थांबले, ही माझी चूक. जिल्ह्यात चौरस किलोमीटरला सरासरी ३५६ माणसं, खानापुरात त्याच्या निम्मीही नाहीत. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर जंगलातली वाड्या-वस्त्यांची गावं. शाळा उघडते तेव्हा मलप्रभेच्या उगमाकडे धुवाधार पाऊस लागलेला असतो. त्या पावसात गणवेशासाठी लेकराला घेऊन एसटीनं खानापूरला कोण येणार? जे येतात ते एक दिवस मोडलाच आहे तर सरळ बेळगावला जातात. आणि सरकारी शाळेतल्या मुलांना गणवेश सरकारकडून मिळतो, ती मुलंही मी माझ्या हिशेबात धरली होती.

सगळ्यात जास्त चुटपूट लागली ती पुढं. गाळा सोडल्यावर तीच पुस्तिका पुन्हा उघडली, तर उत्तर आधीच त्यात होतं. गावनिर्देशिकेचा भाग मी वाचलाच नव्हता. कुठल्या गावात प्राथमिक शाळा, कुठल्या गावात हायस्कूल, नसेल तर ते पाच किलोमीटरच्या आत की दहाच्या पलीकडे, बस येते का, आठवडी बाजार भरतो का, जवळचं शहर कोणतं आणि किती लांब, हे सगळं तिथं नोंदलेलं असतं. ते समोर ठेवून आम्ही दुकानाचा विचारच सोडला. हायस्कूल कुठं आहे आणि भोवतालच्या किती गावांतली मुलं तिथं येतात, ते काढलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस नसताना शाळेतच जाऊन मापं घ्यायची आणि मेमध्ये नावाची चिठ्ठी लावलेले गठ्ठे पोचवायचे, असं सुरू केलं. खानापूरच्या त्याच तालुक्यानं पुढच्या चार वर्षांत आमचं नुकसान भरून दिलं.

मापं घेताना आकड्यात न मावणारी गोष्ट कळते. नंदगडच्या बाजूला एका आजीनं शर्ट उलटा करून शिवण तपासली. "कापड चांगलं हाय खरं, माया किती सोडलीसा?" आम्ही दीड इंच सोडत होतो. तेव्हापासून खेड्यातल्या मापांना बाहीला दोन आणि पँटला, स्कर्टला खाली तीन इंच माया ठेवतो. उसवून वाढवता आलं की एक गणवेश दोन वर्षं जातो. आमचा खप त्यानं थोडा कमी होतो, पण त्या शाळा आम्हाला सोडून गेल्या नाहीत.

भाषेबद्दल लिहायला हवं. १९५६ पासून सीमाभागात भाषेचा आकडा निघाला की आवाज चढतो, आणि त्यामागची वेदना माझ्या माहेरातही आहे. मी जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता कामासाठी उघडला तेव्हा हात जरा अडखळला. २०११ ला जिल्ह्यात कन्नड सुमारे ६८ टक्के, मराठी १८-१९, उर्दू दहाच्या आसपास. पण तालुक्यांवर गेलं की चित्र बदलतं, खानापुरात मराठी मातृभाषेची माणसं सर्वांत जास्त. आम्ही मापाचं पत्रक घरी पाठवतो, पालकांनी भरून द्यायचं. आधी ते शाळेच्या माध्यमाच्या भाषेत छापायचो. कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पत्रकं चुकीची भरून यायची, छातीच्या जागी उंची, कमरेच्या जागी वय. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती भाषा. पत्रकही आईच भरते. शाळेचं माध्यम बघून आम्ही ते छापत होतो, ही सरळ चूक होती. आता एकाच कागदावर मराठी, कन्नड आणि उर्दू, शिवाय माणसाचं चित्र काढून बाण दाखवलेले. चुकीची पत्रकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

सीमेनं आमचा आणखी एक हिशेब बरीच वर्षं लपवून ठेवला होता. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, बाची केलं की पुढं शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. तिथली माणसं बाजाराला, दवाखान्याला बेळगावलाच येतात. पण बेळगाव जिल्ह्याची पुस्तिका बाचीला संपते. माझ्या वहीतली गावंही बाचीलाच संपत होती. कोल्हापूरची पुस्तिका उघडून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की अर्धं गिऱ्हाईक मी मोजलंच नव्हतं. आणि तिकडच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, आमच्यापेक्षा दोन आठवडे उशिरा. म्हणजे इकडचा माल पोचवून झाला की त्याच मशिनांवर, त्याच बायकांना आणखी पंधरा दिवसांचं काम. २०१८ पासून तो हंगाम आम्ही धरतो.

२०११ चे आकडे आता फार जुने झालेत. २०२१ ची मोजणी झालीच नाही. आकड्यांची गावं शोधतानाही सावध राहावं लागतं : निपाणी तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता, त्याची गावं चिक्कोडीत सापडतात. म्हणून आता जनगणनेचा आकडा पाया धरून त्यावर यू-डायसमधली, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली, शाळानिहाय, इयत्तानिहाय पटसंख्या बसवते. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. देशात ० ते ६ वयाची मुलं २००१ मध्ये सुमारे १६ टक्के होती, २०११ मध्ये साडेतेराच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकात एका बाईमागं सरासरी १.७ मुलं. पहिलीच्या मापाचे नग दरवर्षी थोडे कमी शिवावेत, हे मला त्यावरून ठरवता आलं. मोकळ्या झालेल्या मशिनांवर दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचे कपडे घेतले.

कामाला बायका शोधायलाही तक्ते वापरले. शहराचे आकडे वॉर्डनिहाय मिळतात. घरगुती उद्योगातल्या बायका, आणि वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेल्या, म्हणजे सीमांत कामगार, कुठल्या वॉर्डात जास्त ते बघून आम्ही त्या गल्ल्यांत गेलो. पण तिथं मला एक बोच लागली. आमच्या गल्लीत घरोघरी बायका कांड्या भरत होत्या, आणि रकान्यातला आकडा त्या मानानं अगदी लहान. सासूबाईंना विचारलं, २०११ ला मोजणीवाले गुरुजी आले तेव्हा तुम्ही काय सांगितलं? "काय सांगणार? काही करत नाही, घरीच असते म्हटलं." दिवसाचे सात-आठ तास त्या चाकावर बसत होत्या.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी मोजणी मोबाइलवर होणार, आणि घरच्यांना आपली माहिती आपण भरायचीही सोय आहे. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत बसवून सांगितलं, कामाचा प्रश्न आला की "घरीच असते" म्हणायचं नाही. शिवणकाम करते म्हणायचं, आणि वर्षातले किती महिने करते तेही सांगायचं. सासूबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. बटणं अजून त्याच लावतात, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन. त्या कोपऱ्यातून ऐकत होत्या.

"मी किती महिने सांगू गं?"

"बारा सांगा, आई."