निलगिरी लावली, तोडली आणि मग कुठे जमली

उटीहून येताना प्रत्येकजण निलगिरीच्या तेलाची बाटली आणतोच. आमचीही आली. थंडीत घरातल्या चौघांच्या सर्द्यांनी ती दोन महिन्यांत रिकामी केली आणि सासूबाई म्हणाल्या, "एवढी जागा पडलीय मागं, झाडच लाव की एक."

आमचं घर साताऱ्याजवळ, यवतेश्वरच्या पायथ्याशी. मागे दोन गुंठे मुरमाड जमीन, तीत एक लिंबू, एक कढीपत्ता आणि उरलेलं कुंदा गवत. 2017च्या जूनमध्ये नर्सरीतून हातभर उंचीचं रोप आणलं. नर्सरीवाल्यानं "कोणती निलगिरी?" असं विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. त्यानं विचारलं नाही, मीही नाही.

महिनाभरानं एक पान चुरगाळलं तर वास लिंबाचा! उटीच्या बाटलीतला थंडगार, नाकात घुसणारा वास औषधालाही नाही. पानही हाताला खरखरीत, बारीक केसांचं. चौकशी केल्यावर कळलं की आपण ज्यांना सरसकट निलगिरी म्हणतो त्या ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जाती आहेत. तेलाची प्रसिद्ध जात म्हणजे ब्लू गम. तिला डोंगराची थंड हवा मानवते. इंग्रजांनी 1843 च्या सुमारास तिची लागवड निलगिरी पर्वतावर सुरू केली आणि आपण ऑस्ट्रेलियाच्या झाडाला तमिळनाडूतल्या डोंगराचं नाव देऊन मोकळे झालो. माझ्या पदरात पडली ती लिंबाच्या वासाची निलगिरी, सिट्रिओडोरा. सर्दीच्या बाटलीतला मुख्य घटक सिनिओल, हिच्या पानात मात्र बहुतेक सगळं सिट्रोनेलाल. म्हणजे ज्या कामासाठी झाड लावलं त्या कामाचं ते नव्हतंच. पण एव्हाना ते माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. उपटायला मन होईना.

शेजारच्या अण्णांनी मात्र पहिल्याच दिवशी नापसंती दाखवली होती. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणातून फुकट मिळालेली निलगिरी त्यांनी शेताच्या बांधावर लावली होती. सेंट्रिंगच्या बल्ल्यांचे पैसे चांगले आले, पण बांधालगतच्या चार सऱ्यांत ज्वारी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. "वैनी, हे झाड पाहुण्यासारखं येतं आणि विहीर पिऊन जातं," ते म्हणाले. मी वाचलेलं ऐकवलं, की किलोभर लाकडामागं ते इतर झाडांपेक्षा फार पाणी घेत नाही. अण्णा म्हणाले, "किलोचा हिशेब वखारीत. आमाला झाडाचा हिशेब सांगा." त्यांचं बरोबर होतं. झाड झपाट्यानं वाढतं, बारा महिने हिरवं राहतं, म्हणून एकूण पाणीही तेवढंच ओढतं.

तिसऱ्या वर्षी ते आमच्या गच्चीच्या वर गेलं. खोड सुरेख, पांढरट गुलाबी, हात फिरवला की पावडर लावल्यासारखं. खाली मात्र कोथिंबीर दोनदा पेरून दोन्ही वेळा पिवळी पडली, लिंबानं फळ धरणं कमी केलं. मग एका वळवाच्या संध्याकाळी मांडीएवढी फांदी मोडून न्हाणीघराच्या पत्र्यावर आली. माणूस कुणी नव्हतं एवढंच. रीतसर विचारून, माणूस लावून, झाड जमिनीपासून दोन फुटांवर कापलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी विषय संपला असंच वाटलं होतं.

महिनाभरानं बुंध्यावर लालसर फोड आले. त्यांतून कोंब. मोजले तर बावीस. आणि त्यांची पानं पुन्हा तीच खरखरीत, केसाळ, रोपाला असतात तशी! वर गेलेल्या झाडाची पानं गुळगुळीत आणि लांबट झाली होती. कापल्यावर त्यानं बालपणापासून पुन्हा सुरुवात केली. इथून माझं खरं बागकाम सुरू झालं. जाड, एकमेकांपासून लांबचे चार कोंब ठेवले, बाकीचे अंगठ्यानं मोडून टाकले. ठेवलेले छातीएवढे झाले की कात्रीनं कमरेला आणायचे. वर्षातून तीनदा, शेवटची छाटणी मे महिन्यात, म्हणजे पावसात भरभरून फुटवा येतो. अशी निलगिरी झाड होत नाही, झुडूप राहते. पानं हाताशी येतात आणि फांदी डोक्यात पडायची भीती नाही. कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते: घर, विहीर आणि सांडपाण्याच्या पाइपापासून लांब लावा, आणि छाटायचा कंटाळा असेल तर लावूच नका.

पानं ढिगानं निघायला लागली तशी तेल काढायची खुमखुमी आली. पाच लिटरचा कुकर घेतला. तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर पानं. शिट्टी काढून त्या जागी सिलिकॉनची नळी, नळीचं वेटोळं गार पाण्याच्या बादलीतून, टोक काचेच्या बरणीत. वाफ नळीत गार होऊन थेंब थेंब पडायला लागली, घरभर लिंबू. दहा मिनिटांनी थेंब थांबले. मला वाटलं पाणी संपलं. पण कुकर घुसमटल्यासारखा आवाज करत होता. एकदम ट्यूब पेटली आणि मी गॅस बंद करून स्वयंपाकघराबाहेर पळाले. पूर्ण गार झाल्यावर उघडलं तर पानाचा तुकडा वाफेच्या भोकात बसलेला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असता तर उकळतं पाणी माझ्या तोंडावर होतं. कुकरचा प्रयोग तिथंच संपला. आणखी एक शिक्षा म्हणजे त्या कुकरच्या रबरानं वास असा धरला की नवीन रिंग आणेपर्यंत आमचं वरण लिंबाचं साबण घातल्यासारखं लागायचं.

आता जुना पितळी डबा आहे, फक्त याच कामाचा. पानं मलमलच्या फडक्यात सैल बांधते. झाकण घट्ट बसवायचंच नाही, कडेला कणीक थापायची. आत दाब वाढलाच तर कणीक सुटते, डबा फुटत नाही. किलोभर ओल्या पानांतून दीड तासानं जेमतेम चमचाभर तेल निघतं. ते बरणीत जमलेल्या पाण्यावर तवंगासारखं तरंगतं, बिनसुईच्या सिरिंजनं वरचेवर ओढून घ्यायचं. गॅसचा हिशेब केला तर विकतची बाटली स्वस्त. मी हिशेब करत नाही.

तेलापेक्षा खाली उरलेलं वासाचं पाणीच जास्त कामी येतं. फरशी पुसायला, न्हाणीघराला, कुत्र्याचं अंथरूण धुवायला... नाही, हे शेवटचं मी एकदाच केलं. निलगिरी कुत्र्यामांजरांना बाधते हे नंतर समजलं, तेव्हापासून बंद. वाळलेली पानं सुती पिशवीत घालून शालींच्या कपाटात ठेवते. डासांसाठी सगळे विचारतात. नुसतं तेल हातापायाला लावलं तर अर्धा-पाऊण तास बरं वाटतं, मग डास येतात ते येतातच. बाजारात लिंबाच्या निलगिरीचं म्हणून मिळणारं टिकाऊ रिपेलंट याच तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं असतं, ते घरी होत नाही. वाळकी पानं बंबात एकदाच टाकून पाहिली. तेलामुळं फर्रकन असा जाळ झाला की भुवया थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून पालापाचोळ्याचा ढीग घरालगत ठेवत नाही.

आणि एक रात्र. तेल मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवलं होतं. रात्री दोनला सासूबाईंना ढास लागली. मी पाणी प्यायला उठले म्हणून दिसलं. त्यांनी झाकणात ओतून झाकण ओठांपर्यंत नेलेलं. "आज औषधाला बरा वास येतोय," त्या म्हणाल्या. मी हातावर फटकाच मारला, तेल फरशीवर. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी आधी मला झापलं. निलगिरीचं कोणतंही तेल पोटात घ्यायचं नाही, लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी झटके येऊ शकतात, आणि तान्ह्याच्या नाकातोंडाजवळ तर चोळायचंच नाही. आता बाटली माळ्यावर कुलपात आहे. सासूबाईंनी स्वतः जाड अक्षरात चिठ्ठी लिहून तिच्यावर डकवलीय: "पिऊ नये. सुनेने बनवले आहे."

सर्दीसाठी अजूनही उटीचीच बाटली लागते. गेल्या महिन्यात छाटणी काढली तेव्हा अण्णा कुंपणापाशी आले, पान चुरगाळून हुंगलं आणि म्हशीच्या गोठ्यात टांगायला एक भारा मागितला. माश्या कमी होतील म्हणे. होतील की नाही मला माहीत नाही, पण भारा मी दिला. जाता जाता त्यांनी बुंध्याकडं बोट दाखवलं. पाचवा कोंब माझ्या नजरेतून सुटला होता.